कोटितीर्थाकाठचे आबालाल

कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाचा आढावा आबालाल रहिमानांपासूनच सुरू करावा लागतो. त्यांचा जन्म १८६०च्या सुमाराचा. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम पिढीजात चाले, आणि मुलाचा हात बसला तो त्या बोरूच्या वळणावर. कुवेतमधल्या फिंतासला राहताना हे मला विशेष जाणवते. इथे वाण्याच्या पाटीपासून मशिदीच्या कमानीपर्यंत ती अरबी लिपी रोज डोळ्यांसमोर असते, आणि तिची रेघ कुठे जाड होते, कुठे केसाइतकी बारीक होते हे पाहताना आबालालांच्या चित्रांतल्या फांद्या आठवतात.

१८८०च्या दशकात ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकले. प्राचार्य ग्रिफिथ्स यांच्या कारकिर्दीतली ती कलाशाळा. मानवाकृती आणि छायाप्रकाश यांचे शिक्षण काटेकोर असे. तिथे त्यांनी नाव मिळवले. पुढे मुंबईत राहून व्यक्तिचित्रांवर सुखाने जगता आले असते, कारण श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत त्यांनाच मागणी होती. तळे, झाड आणि धुके विकत घेणारा गिऱ्हाईक तेव्हा दुर्मीळ. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहू लागले.

या परतण्याला चरित्रकार बहुधा विरक्ती म्हणतात. मला ते पटत नाही. निसर्गचित्रकाराला एकाच पाण्याकडे वर्षानुवर्षे पाहावे लागते. सकाळचा उजेड अर्ध्या तासात पालटतो. पावसाळ्यातले पाणी आणि मार्गशीर्षातले पाणी एकाच रंगाने रंगवता येत नाही. इथल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात भर दुपारी हवेतल्या धुळीने समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेघच पुसून जाते. रंग एकच, पण त्याच्या छटा मोजता मोजता डोळा थकतो. कोटितीर्थावरच्या सकाळच्या धुक्यासाठी आबालालांनी आयुष्य का दिले असेल, ते मला अशा दुपारी समजते. ते कामासाठी गावी गेले होते.

शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांसाठी त्यांनी इतर विषयही हाताळले, पण जीव रमला तो परिसरात. रंकाळा तलावातला संध्यामठ त्यांनी रंगवला. पाणी चढले की बुडणारा आणि ओसरले की पुन्हा उघडा पडणारा तो दगडी मठ म्हणजे जलरंगात काम करणाऱ्याची खरी परीक्षा: ओला दगड, कोरडा दगड आणि दोघांचे पाण्यातले प्रतिबिंब. रावणेश्वर तळ्याचा परिसरही त्यांनी चितारला. ते तळे आता नाही. त्या जागी शाहू स्टेडियम आहे.

फिंतासचेही तसेच झाले. विहिरी, शेते आणि मासेमारी यांवर जगणारे हे किनाऱ्यावरचे गाव. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागले, १९४६ पासून ते परदेशी जाऊ लागले, आणि पुढच्या दशकांत जुन्या वस्तीच्या जागी बहुमजली इमारती आल्या. कुवेतच्या अय्यूब हुसैन यांनी, पेशाने शिक्षक असलेल्या चित्रकाराने, तेलापूर्वीचे गल्लीबोळ, अंगणे आणि खेळ आठवणीतून रंगवले. आबालालांना आठवणीवर विसंबावे लागले नाही. तळी समोर भरलेली होती.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली कित्येक चित्रे कोटितीर्थात टाकली, अशी कथा कोल्हापुरात सांगतात. त्यांनी हजारो चित्रे केली असेही सांगतात. अशा कथांनी त्यांचे मोठे नुकसान केले आहे. चित्रकार अवलिया ठरला की त्याच्या रंगलेपनाकडे कोणी बारकाईने पाहत नाही. २८ डिसेंबर १९३१ रोजी ते वारले.

त्यांची चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहायला मिळतात. दिवाळीच्या सुटीत आखातातून गावी जाणाऱ्या कुटुंबांनी अंबाबाईच्या दर्शनानंतर तासभर तिकडे जरूर काढावा, मुलांना घेऊन.

त्यांच्यानंतरच्या पिढीत बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) चित्रपटाकडे वळले, तरी कुंचला सुटला नाही. त्यांच्या तालमीतले चंद्रकांत मांडरे पडद्यावर गाजले आणि चित्रीकरणासाठी गावोगाव फिरताना निसर्गचित्रेही करत राहिले. कोरड्या रंगपुडीतून छटा उमटवण्याच्या पद्धतीत त्यांनी पुष्कळ काम केले. राजारामपुरीतले आपले घर त्यांनी चित्रांसह शासनाला दिले, आणि ते आता कलासंग्रहालय म्हणून खुले आहे.