सेकंदाला एकशे नव्वद परार्ध

भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’त संख्यांची नावं सांगितली, ती एक, दहा, शंभर करत परार्धापाशी येऊन थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. व्यवहारात त्यापुढे कुणाला काय मोजायचं असणार? पण गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी पळणारं कुठलंही पोरगं घ्या. दहा किलोमीटर मारून ते धापा टाकत बांधावर टेकलं, की त्याच्या अंगात जी डागडुजी चालते ती मोजायला परार्धही तोकडा पडतो.

हिशेब कुणालाही करता येईल असा आहे. सत्तर किलोच्या माणसाचं शरीर रोज सुमारे 300 ग्रॅम प्रथिनं मोडतं आणि साधारण तेवढीच नव्यानं बांधतं. आपण ताटातून जेवढी खातो त्याच्या चार-पाच पट, कारण मोडलेला बराचसा माल शरीर पुन्हा वापरतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, मणी वीस प्रकारचे. एका मण्याचं वजन सरासरी 110 डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक) धरलं तर 300 ग्रॅममध्ये मणी भरतात दीड कोटी परार्धांहून जास्त. दिवसाचे सेकंद 86,400. भागाकार केला की उत्तर येतं: दर सेकंदाला सुमारे 190 परार्ध मणी ओवले जातात. झोपेतसुद्धा.

आणि हे ओवणारे कारागीर तसे मंद आहेत. पेशीतला एक रायबोसोम सेकंदाला जेमतेम पाच-सहा मणी ओवतो. वेग सगळा संख्येतून येतो.

बीड जिल्ह्यात धावण्याचा विषय निघाला की आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं नाव येणारच. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंद वेळ दिली आणि सुवर्णपदक 0.05 सेकंदानं हुकलं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. खाटेवर नुसत्या पडलेल्या माणसाच्या अंगात तेवढ्या वेळात साडेनऊ परार्ध मणी ओवून होतात! साबळेच्या त्या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या, म्हणजे 35 वेळा हवेत जाणं आणि 35 वेळा जमिनीवर येणं. स्नायूंना महाग पडतं ते हे खाली येणं. पाऊल टेकताना मांडीचा स्नायू एकीकडे ताणला जातो आणि त्याच वेळी आकसून धक्का पेलतो. त्या ओढाताणीत आतले बारीक धागे विस्कटतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय बोंबलतात ते यामुळेच.

मॅरेथॉनचा आकडा तर आणखी दांडगा. 42.195 किलोमीटरला साधारण 40,000 पावलं पडतात. दर पावलाला वजनाच्या अडीचपट भार धरा. साठ किलोच्या माणसाचे दोन पाय मिळून होतात 6,000 टन. दहा टनांचे सहाशे ट्रक, एकामागून एक, त्याच दोन पायांवर रिकामे करायचे.

विस्कटलेल्या धाग्यांतला एक आहे टायटिन, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात मोठं प्रथिन. त्याच्या एका माळेत सुमारे 34,350 मणी असतात. सगळे मणी क्रमानं सांगणारं त्याचं रासायनिक नाव इंग्रजीत 1,89,819 अक्षरांचं होतं. कुणी वाचायला बसलंच तर तीनेक तास सहज जातील. (का बसावं, हा प्रश्न वेगळा.) एक रायबोसोम तीच माळ दोन तासांच्या आत ओवून मोकळा होतो. साबळेची शर्यत सुरू होताना त्यानं काम हाती घेतलं, तर शर्यत संपते तेव्हा माळ जेमतेम चौदावा हिस्सा झालेली असते. धाग्यांची ही दुरुस्ती लांब पल्ल्याच्या दौडीनंतर दिवस-दीड दिवस चढ्या वेगानं चालू राहते.

आता पावडरच्या डब्याकडे येऊ. भरतीच्या पोरांच्या पिशवीत हल्ली बीसीएए नावाची पावडर असते. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं, बहुधा 2:1:1 या प्रमाणात. भाव खातं ते ल्युसीन, कारण ते नुसता मणी नाही, बांधकाम सुरू करा असा इशाराही पेशीला तेच देतं. एका मापात साधारण 3 ग्रॅम ल्युसीन असतं. त्यात रेणू किती? सुमारे 1 लाख 38 हजार परार्ध. जगातल्या 800 कोटी माणसांत ते सारखे वाटले तर प्रत्येकाला दीड लाख कोटींहून जास्त मिळतील. डबा विकणाऱ्याला हा आकडा अजून सापडलेला नाही, नाहीतर त्यानं तो झाकणावर छापला असता.

आकडा खरा आहे, पण उपयोग तोकडा. शरीराला बाहेरून घ्यावीच लागतात अशी अमिनो आम्लं नऊ. डब्यात त्यातली तीन. टायटिनच्या माळेत हजारो ठिकाणी डब्यात नसलेलं लायसीन हवं असतं. ते हाताशी नसेल तर रायबोसोम तिथेच अडकतो, शेजारी ल्युसीनचा ढीग असला तरी. मग उरलेले सहा मणी शरीर आणतं कुठून? स्वतःचंच दुसरं काहीतरी मोडून. अशी पावडर घेतल्यावर अंगदुखी थोडी कमी जाणवते असं काही अभ्यासांत दिसलं आहे. वेग वाढल्याचा भक्कम पुरावा मात्र नाही.

याहून मोठी गंमत अशी की, मराठवाड्यातल्या माणसाला ज्या गोष्टीची टंचाई कधीच नव्हती तीच त्याला डब्यात भरून विकली जाते आहे. ज्वारीच्या 100 ग्रॅम प्रथिनांत सुमारे 12 ग्रॅम ल्युसीन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं मोठ्या माणसाला तेवढ्याच प्रथिनांत 5.9 ग्रॅम पुरेसं आहे. म्हणजे मालदांडी ज्वारीची भाकरी खाणारा गडी गरजेच्या दुप्पट ल्युसीन आधीच खातो. इतकं की 1960 साली हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत आढळणाऱ्या पेलाग्रा या रोगाचा संशय ल्युसीनच्या अतिरेकावरच घेतला होता. पुढे त्यावर वाद झाले. पण ज्वारीत ल्युसीनची रेलचेल आहे यावर दुमत नव्हतं.

तिच्यात कमी आहे ते लायसीन. 100 ग्रॅम प्रथिनांत जेमतेम 2.3 ग्रॅम, आणि हवं 4.5. एक दुप्पट, दुसरं निम्मं. बेसनात आणि तुरीच्या डाळीत हेच लायसीन साडेसहा ग्रॅमच्या आसपास असतं. दीडशे ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी, पन्नास ग्रॅम बेसनाचं पिठलं आणि मूठभर शेंगदाणे यांचा हिशेब मांडला तर प्रथिनं होतात 32 ग्रॅम आणि ल्युसीन बरोबर 3 ग्रॅम. डब्यातल्या एका मापाएवढंच, आणि सोबत उरलेले आठही मणी. शिजवलेल्या ज्वारीतली प्रथिनं पचायला जड, ही तिची खोट मान्य करायला हवी. पावडर रक्तात लवकर उतरते हेही खरं. पण दुरुस्तीच दिवसभर चालणार असेल तर तेवढ्या घाईला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय लांब पळणाऱ्याला दिवसाला किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या पोराला 72 ते 96 ग्रॅम. असं ताट दिवसातून तीनदा आलं की विषय मिटतो.

अडचण ताट येण्याची आहे. दिवाळीच्या सुमाराला गेवराईकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि तो कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. दोन टन धरले आणि मोळी 35 किलोची, तर डोक्यावरून गाडीत चढवायच्या मोळ्या होतात 57. फळीवरून 57 वेळा वर आणि 57 वेळा खाली. ऊस सव्वा किलोचा धरला तर बुडख्यात आणि शेंड्याला मिळून घाव 3,200, वर पाचट काढणं वेगळंच. सहनशक्तीचा एवढा व्यायाम कुठल्याही मैदानावर रोज, पाच-सहा महिने, कुणी करत नाही.

फडावर फडक्यात बांधून येते ती बहुधा भाकरी आणि ठेचा. पन्नास किलोच्या बाईनं दिवसाला चार भाकरी खाल्ल्या तर ल्युसीन मिळतं 3.6 ग्रॅम, गरज दोनची. लायसीन मिळतं 0.7 ग्रॅम, गरज दीडची. म्हणजे अर्ध्या वाटेत रायबोसोम अडकून पडलेला. साठ ग्रॅम तुरीची डाळ, म्हणजे दिवसभरात दोन वाट्या घट्ट वरण, त्यात आणखी 0.9 ग्रॅम लायसीन घालते. बेरीज 1.6 होते.