मिसिसिपीच्या दोन काठांवर

सकाळी ६. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट पॉल कॅम्पसवरचं ग्रीनहाऊस. बाहेर उणे १९ अंश, त्यामुळे जाडजूड कोट दाराशीच उतरवायचा आणि अर्ध्या बाहीच्या शर्टात कामाला लागायचं. फेब्रुवारीत मिनेसोटात सूर्य बहुतेक दिवस सातनंतर उगवतो. तोवर गव्हाच्या कुंड्यांवर सोडियमचे पिवळे दिवे असतात.

माझं काम चिमट्याचं आहे. पानाच्या आवरणातून नुकतीच बाहेर पडलेली, पण अजून फुलोऱ्यावर न आलेली ओंबी निवडायची. वरची-खालची बारकी फुलं काढून टाकायची, मधल्यांची टोकं कात्रीने छाटायची आणि प्रत्येक फुलातले तीन परागकोश एकेक करून उचलायचे. ते हिरवे असतील तर वेळेत आलो. पिवळे झाले असतील तर ती ओंबी सोडून द्यायची, कारण गव्हाचं फूल मिटलेलं असतानाच स्वतःच्या परागाने फळून जातं. एका ओंबीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग वर कागदी पिशवी, तिच्यावर तारीख, आणि साधारण तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून झटकायचा. खोडावरच्या तांबेऱ्याला दाद न देणारं जनुक चांगल्या उत्पन्नाच्या गव्हात आणायचं, हा आमच्या प्रयोगाचा हेतू.

हे काम करायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग इथेच शिकले. त्यांना तांबेऱ्याकडे वळवणारे एल्विन स्टॅकमन इथलेच. दोघांच्या नावाच्या इमारती याच कॅम्पसवर आहेत. तांबेऱ्याच्या बुरशीचं अर्धं आयुष्य बार्बेरी नावाच्या झुडपावर जातं, म्हणून १९१८पासून अमेरिकेच्या गहू पिकवणाऱ्या राज्यांनी कायद्याचा आधार घेऊन ही झुडपं उपटून टाकली. झुडूप आणि तांबेरा यांचा संबंध जर्मनीच्या अँटन द बारी यांनी १८६५मध्ये सिद्ध केला. कनेक्टिकटच्या वसाहतीत बार्बेरीविरुद्धचा कायदा मात्र १७२६मध्येच झाला होता. शेतकऱ्यांनी बांधावर पाहिलं, कायद्याने ते मानलं, सूक्ष्मदर्शकाला तिथवर पोचायला आणखी सुमारे १४० वर्षं लागली. विज्ञान आधी आणि कायदा नंतर असंच घडतं, असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

साडेसात. इथले साडेसात म्हणजे जालन्याकडचे संध्याकाळचे सात. आबांचा फोन. आमच्या भागात बीजोत्पादन घराघरांत आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून कंपन्यांचे प्लॉट घेणं हा इकडचा जोडधंदा झाला.

आबांनी आज दोन प्रश्न विचारले. पहिला असा: गावातल्या एकाने कृषी विद्यापीठाचा हरभरा लावला, तो उत्तम आला, आता तो शेजाऱ्यांना बियाणं म्हणून देतोय. दुकानदार म्हणतो, केस होईल. होईल का?

मी म्हटलं, "आबा, वाणाच्या हक्कापुरतं बोलायचं तर वाण-संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या २००१च्या कायद्याचं कलम ३९ त्याच्या बाजूने आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बियाणं ठेवता येतं, पेरता येतं, बदली देता येतं, विकताही येतं. फक्त पिशवीवर वाणाचं नाव छापून, लेबल लावून विकता येत नाही. बियाणं विक्रीच्या परवान्याचा कायदा वेगळा आहे, त्याचं तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा."

"बरं. मग आपल्या कपाशीचं?"

तेवढ्यात बस आली. कपाशीचं उत्तर दोन वाक्यांत होण्यासारखं नव्हतंच.

सव्वाआठ. कॅम्पस कनेक्टर. ही बस सेंट पॉलहून मिनियापोलिसच्या पूर्व काठावर येते आणि वॉशिंग्टन अव्हेन्यूच्या दुमजली पुलावरून मिसिसिपी ओलांडून पश्चिम काठावर जाते. एका काठावर माझी झाडं, दुसऱ्यावर मोंडेल हॉलमधलं लॉ स्कूल. काचांवर आतून बर्फ धरलेलं असतं. मी निकालपत्राच्या समासात पेन्सिलने खुणा करत बसते.

९:४५. पेटंट कायद्याचा वर्ग. आज बोमन विरुद्ध मोन्सँटो, २०१३. व्हर्नन बोमन हे इंडियानातले ७५ वर्षांचे शेतकरी. गव्हानंतरचं उशिराचं पीक बेभरवशाचं, त्यावर महागडं बियाणं कशाला, म्हणून त्यांनी धान्याच्या कोठारातून खाण्यासाठी-पेंडीसाठीचं स्वस्त सोयाबीन घेतलं, पेरलं, ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं आणि जी झाडं तगली, म्हणजे ज्यांत मोन्सँटोचा पेटंट घेतलेला गुण होता, त्यांचं बी पुढच्या वर्षीसाठी राखलं. असं आठ पिकं चाललं. त्यांचं म्हणणं होतं, एकदा विकलेल्या वस्तूवरचा पेटंटधारकाचा हक्क संपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती एलेना केगन यांनी सर्व नऊ जणांच्या वतीने निकाल लिहिला: विकत घेतलेली वस्तू वापरा, पुन्हा विका, पण तिच्या नव्या प्रती तयार करू नका. खालच्या न्यायालयाने ठरवलेली ८४,४५६ डॉलरची भरपाई कायम राहिली.

इथे प्राध्यापक हात वर व्हायची वाट बघत नाहीत, थेट नाव घेतात. आज माझं घेतलं. सोयाबीनऐवजी मका असता तर हा खटला झाला असता का?

बहुधा नसता, असं मी सांगितलं, आणि का ते फुलावरून सांगितलं. सोयाबीनचं फूलही गव्हासारखं स्वतःलाच फळवतं, म्हणून दाण्यात पेरलेला गुण पिढ्यान् पिढ्या तसाच उतरतो. कोठारातलं सोयाबीन पेरून बोमन यांना जवळजवळ कंपनीचंच बियाणं मिळालं. संकरित मक्याचं राखलेलं बी पेरलं तर शेतात झाडं सारखी येत नाहीत आणि उत्पन्न घटतं, त्यामुळे शेतकरी आपणहून दरवर्षी नवी पिशवी घेतो. मक्यात कंपनीचं जे काम संकराने होतं, तेच सोयाबीनमध्ये पेटंटकडून करून घ्यावं लागलं. प्राध्यापकांनी फळ्यावर दोन रकाने आखले आणि उरलेला तास त्यावरच गेला. कायद्याची वर्षं ज्यासाठी घेतली ते आज चाळीस मिनिटांत मिळालं, असं मला मनापासून वाटलं.

दुपारी १२. डबा: पोळी, शेंगदाण्याची चटणी, दही. दोन पदव्या एकदम कशा, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून थोडक्यात सांगते. प्रवेश दोन्हीकडे वेगवेगळा. पहिलं वर्ष फक्त कायद्याचं: करार, मालमत्ता, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी, संविधान. त्यानंतर दोन्ही विषय एकत्र घेता येतात. कायद्याच्या पदवीला किमान ८३ क्रेडिट हवेत, हा अमेरिकन बार असोसिएशनचा नियम. काही विषय दोन्ही पदव्यांत धरले जातात, म्हणून कायद्याची तीन आणि विज्ञानाची दोन मिळून पाच होणारी वर्षं चारांत बसतात. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, तेव्हा पैशांचा हिशेब कायम तंग. भारतात यूजीसीने २०२२मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना वाट करून दिली, तरी बार कौन्सिलचे २००८चे नियम एलएलबीबरोबर दुसरा नियमित अभ्यासक्रम करू देत नाहीत. एकाच संस्थेतले एकात्मिक अभ्यासक्रम सोडले तर आपल्याकडे एकामागून एकच करावं लागतं. हा नियम बदलावा असं माझं ठाम मत आहे.

आणि दोन्ही कशासाठी? मानवी जनुकांच्या पेटंटवरच्या मिरियड खटल्यात, तोही २०१३चाच, न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी निकालाशी सहमती दाखवली, पण रेण्वीय जीवशास्त्राच्या बारकाव्यांचा भाग वगळून. त्या तपशिलांची आपण स्वतःच्या माहितीने ग्वाही देऊ शकत नाही, असं त्यांनी लेखी नोंदवलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. न्यायालयासमोर उभं राहून ती ग्वाही देता येईल अशी माणसं मात्र हवीत, आणि ती दोन्ही शिकूनच तयार होतील.

दीड ते साडेतीन, ग्रंथालय. प्रबंधाचं प्रकरण. आबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

कलम ३९ कपाशीलाही लागू आहे. कागदावर हरभरा आणि कपाशी दोघांनाही सारखाच हक्क. पण १९७०मध्ये सुरतेहून एच-४ हा पहिला व्यापारी संकरित कापूस आला आणि पुढे महाराष्ट्रातली कपाशी जवळजवळ सगळीच संकरित झाली. त्या झाडाची सरकी राखून पेरली की एक रोप उंच, एक खुजं, बोंडं लहानमोठी. बीटीचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल तर दर चार झाडांतल्या सरासरी एकात ते नसतंच. म्हणजे हरभऱ्यावाल्याला कायद्याने खरोखर काही दिलं. कपाशीवाल्याला दिलेला हक्क बहुतेक वेळा वापरण्याजोगाच नाही. कुणाच्या पदरात किती पडलं हे फुलाच्या रचनेवर ठरलं, आणि कायद्याच्या मजकुरात फुलाचा उल्लेखही नाही.

ही रचना मी आधी आईच्या हातात पाहिली. कपाशीच्या प्लॉटवर दुपारनंतर बायका ओळीने शिरतात. उद्या उमलणारी कळी ओळखायची, अंगठ्याचं नख बुडाशी रोवून पाकळ्यांसकट परागकोशांची नळी गोल सोलून काढायची, आतला नाजूक दांडा मोडू द्यायचा नाही, वर खुणेचा कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल आणून त्या दांड्यावर फिरवायचं. शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावी लागणारी पिशवी अशी नखानखाने तयार होते. वाणाचा हक्क पैदासकाराला मिळतो, आणि तो मिळायलाही हवा. पण ज्यांच्या हातांशिवाय तो वाण पिशवीत येत नाही त्या बायकांसाठी रोजंदारीपलीकडे काही ठरलेलं नाही. माझ्या प्रकरणाचा शेवटचा भाग त्यांच्याबद्दल आहे.

चार. परत सेंट पॉल, लॅबची बैठक. रोपांवरच्या डागांना शून्य ते चार असे अंक द्यायचे: शून्य ते दोन म्हणजे झाड झुंज देतंय, तीन-चार म्हणजे बळी पडलं. एका सहकाऱ्याला आपलं निरीक्षण पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टरवर मांडायचंय. मी एवढंच सुचवलं, की आधी विद्यापीठाच्या पेटंट कार्यालयाशी बोलून घे. अमेरिकेत स्वतःच जाहीर केल्यावर अर्जासाठी एक वर्षाची मुदत मिळते, युरोपात एरवी एक दिवसही मिळत नाही. याहून पुढे मी जात नाही. सनद नसताना कायदेशीर सल्ला देणं इथे गुन्हा ठरू शकतो, आणि तो नियम योग्य आहे.

रात्री ८ ते १०. लॉ जर्नलचं काम. छापायला आलेल्या लेखाची प्रत्येक तळटीप मूळ संदर्भाशी ताडून पाहायची. विज्ञानाच्या टिपा आपोआप माझ्याकडे येतात. आजच्या लेखात एक वाक्य होतं, की संकरित बियाणं वांझ असतं, म्हणून शेतकऱ्याचा बियाणं राखण्याचा हक्क त्याला लागूच पडत नाही. खाली एका शोधनिबंधाचा हवाला. निबंध उघडून वाचला. त्यात वांझ हा शब्दच नाही. पुढच्या पिढीत गुण विखुरतात, एवढंच आहे. फरक मोठा आहे. वांझ बियाण्यातून पुढे काहीच निघत नाही. विखुरलेल्या गुणांतून कष्टाळू माणूस निवड करत करत आठ-दहा पिढ्यांत स्वतःचा स्थिर वाण उभा करू शकतो. म्हणजे हक्क अवघड आहे, रद्द झालेला नाही.

समासात लेखकासाठी टिपण लिहिलं: संदर्भ विधानाला आधार देत नाही, 'वांझ' काढून 'पुढच्या पिढीत एकसारखं न राहणारं' असं करावं, आणि त्यावर उभा केलेला पुढचा परिच्छेद पुन्हा तपासावा. संपादकांनी गुरुवारपर्यंत उत्तर मागवलंय. शुक्रवारी सकाळी सहाला आजच्या ओंब्या परागासाठी तयार होतील, तेव्हा लेखकाने वाद घातलाच तर त्याला उत्तर गुरुवारी रात्रीच लिहून ठेवावं लागेल.