नऊशे मिली

जुनी मोटारसायकल बघायला गेलेला माणूस टाकीवरचे ओरखडे बघतो, टायरची नक्षी बघतो, मीटरवरचा आकडा वाचतो आणि एक चक्कर मारून येतो. हे सगळं बघावंच. पण स्प्लेंडरसारख्या गाडीची खरी हकिकत इंजिनाच्या उजव्या अंगाला, किकच्या बाजूलाच असलेल्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असते. झाकण फिरवून वर ओढलं की त्याला जोडलेली काडी बाहेर येते. तिच्या टोकाशी दोन खुणा असतात. ऑइल त्या खुणांमध्ये कुठवर आहे, त्याचा रंग कसा, वास कसा, बोटांत चोळल्यावर काय लागतं, एवढ्यावरून मागच्या मालकानं गाडी कशी वागवली ते बरंचसं कळतं.

माझी २००९ सालची स्प्लेंडर मी सांगलीत घेतली. काडी ओढली तर ती जवळजवळ कोरडी. अगदी टोकाला डांबरासारखा काळा ठिपका, बाकी काही नाही. सोबत आलेल्या गॅरेजवाल्यानं ती पुसून परत आत घातली, परत ओढली आणि म्हणाला, “दादा, ऑइल गेलंय हे दिसतंय. पण जळलंय का गळलंय ते बघू, मग पैशाचं बोलू.”

हा फरक फार मोलाचा आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल सिलिंडरमध्ये चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. गाडी थोडा वेळ चालू ठेवून एकदम रेस केली की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग काढला तर ओला काळा निघतो. अशा गाडीचं इंजिन खोलावं लागतं, निदान हाफ इंजिनचं काम निघतंच. आमच्या गाडीनं धूर मारला नाही आणि प्लगही कोरडा निघाला. मग गॅरेजवाला आडवा होऊन इंजिनाच्या पोटाखाली बघायला लागला. ऑइल सोडायच्या बोल्टाभोवती एमसीलचा गोळा लावलेला होता आणि त्यावर धूळ चिकटून चिखल झाला होता. गाडी थेंबथेंब गळत होती, कोणी वर भरत नव्हतं आणि तशीच पळवत होतं.

स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं. त्यात ऑइल मावतं एक लिटर. बदलताना त्यातलं शंभरेक मिली आतल्या खाचाखोचांत, भिंतींना चिकटून राहतंच, म्हणून नवं घालायचं ते ९०० मिली. दुकानात या गाड्यांच्या ऑइलची बाटली ९०० मिलीची मिळते, ती याच हिशेबानं. पाण्याच्या बाटलीपेक्षाही कमी असलेल्या या द्रवावर किती कामं टाकली आहेत ते बघा. पिस्टन आणि वरचा कॅम यांना वंगण तेच देतं. गिअरचे दातही त्याच ऑइलात फिरतात. क्लचच्या प्लेटाही त्यातच भिजलेल्या असतात. मोटारगाडीत इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. इथे सगळ्यांचा एकच संसार. शिवाय या इंजिनाला पाण्याचं थंडावण नाही. बाहेरची हवा इंजिनावरच्या पात्यांना लागते तेवढी लागते, आतली उष्णता वाहून आणायची तीही ऑइलानंच.

आणि हे ऑइल संपत आलं तर सांगणारं गाडीवर काही नाही. मीटरमध्ये ऑइलचा दिवा नाही. पेट्रोल संपलं तर गाडी थांबते. ऑइल कमी झालं तरी ती बिचारी पळत राहते आणि आतून झिजत राहते.

ऑइलकडे असं दुर्लक्ष होण्याला थोडा इतिहासही कारण आहे असं मला वाटतं. आमच्या वडिलांच्या पिढीनं आकुर्डीची बजाज चेतक चालवली. ती टू-स्ट्रोक. पंपावर पेट्रोल भरलं की लगेच हिशेबानं टू-टी ऑइल टाकायचं. ते पेट्रोलबरोबर जळून जायचं. म्हणजे दर वेळी पेट्रोल भरताना ऑइलची आठवण आपोआप व्हायची. १९८४ साली हिरो आणि होंडा एकत्र आले आणि १९८५ मध्ये सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी रस्त्यावर आली. तिची जाहिरात होती भरा, बंद करा आणि विसरून जा, अशा अर्थाची. बोलणं पेट्रोलच्या मायलेजबद्दल होतं आणि ते खरंही होतं. पण पंपावर ऑइल मागायची सवय सुटली ती सुटलीच. १९९४ मध्ये त्याच घराण्यातली स्प्लेंडर आली आणि गावोगाव पोहोचली. दूधवाल्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना किटल्या टांगल्या, शेतकऱ्यांनी तिच्यावरून खताची पोती आणली. इंजिन इतकं सोशिक की हेळसांड वर्षानुवर्षं पचवत राहिलं. सोशिक यंत्राकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं.

ऑइल तपासायची रीत साधी आहे, पण तीन चुका जवळजवळ सगळे करतात. पहिली, गाडी साइड स्टँडवर लावून बघतात. गाडी डावीकडे कलते, काडी आहे उजवीकडे. ऑइल तिच्यापासून लांब सरकतं आणि आहे त्यापेक्षा कमी दिसतं. मग माणूस वर ओततो आणि प्रमाणाबाहेर भरतो. जास्त भरलेलं ऑइल फेसाळतं आणि श्वासनळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं. म्हणून सपाट जमिनीवर, डबल स्टँडवरच बघायचं. दुसरी, इंजिन बंद केल्याकेल्या काडी ओढतात. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करायची आणि मग दोन-तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. तिसरी, काडी आटे फिरवून घट्ट बसवून बघतात. या इंजिनात पुसलेली काडी नुसती टेकवायची आणि उचलायची. फिरवून बसवली तर ती खोल जाते आणि ऑइल नको तितकं भरलेलं वाटतं.

आता रंग. काळं ऑइल बघून लोक घाबरतात, पण काळेपण म्हणजे बिघाडच असं नाही. चांगलं ऑइल आतली काजळी आपल्यात ओढून घेतं, म्हणून काळवंडतं. विकायला ठेवलेल्या पंधरा वर्षांच्या गाडीत मधासारखं स्वच्छ ऑइल दिसलं तर मात्र मी जास्त सावध होतो. ते कालच बदललेलं असतं, आणि का बदललं ते विचारायला हवं. काडीला पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल आत उतरत असण्याची शक्यता असते. असं पातळ झालेलं ऑइल काही कामाचं नाही. उन्हात धरल्यावर चंदेरी कण चमकले तर आत धातू झिजतोय.

आणि ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गल्ल्यागल्ल्यांत गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर गॅरेजवाले एकच गोष्ट कळवळून सांगत होते, “किक मारू नगा, आधी ऑइल सोडा.” पाणी शिरलेलं इंजिन फिरवलं की बेअरिंगांना वंगणाऐवजी गढूळ पाणी मिळतं. ज्यांनी धीर धरून दोनदा-तीनदा ऑइल बदललं त्यांची गाडी वाचण्याची आशा तरी होती. अशी गाडी धुऊन, पॉलिश करून विकायला आली तर बाहेरून ओळखू येत नाही. काडीवरचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा पांढुरका साय धरलेला थर ओळखू येतो.

आमच्या गाडीचं ऑइल सोडायला घेतलं ते इंजिन कोमट करून. गरम ऑइल पातळ होऊन तळची घाण घेऊन वाहतं. खाली घमेलं ठेवून १७ नंबरच्या पान्यानं बोल्ट काढला. निघालेलं ऑइल अर्ध्या लिटरच्या आतच भरलं. बोल्टाचे आटे बघून गॅरेजवाला हळहळला. बोल्ट पोलादी, इंजिनाचं केसिंग अॅल्युमिनियमचं. कोणीतरी लांब पाना लावून जीव खाऊन आवळलं होतं आणि केसिंगचे आटे गेले होते. जुन्या गाड्यांना होणारी ही सगळ्यात नेहमीची जखम, आणि ती झीज नव्हे, माणसाच्या हातानं केलेली असते. बोल्ट हातानं शेवटपर्यंत बसवायचा, नवा वायसर घालायचा, आणि मग पान्यानं बेतानं घट्ट करायचं. तो वायसर मऊ असतो, दबून जागा धरण्यासाठीच असतो. आमच्या केसिंगला नवे आटे पाडून आत पोलादी गुंडाळी बसवावी लागली.

या इंजिनात मोटारीसारखा बदलायचा कागदी फिल्टर नाही. एक बारीक जाळी आहे, आणि क्रँकच्या टोकाला एक गोल डबी, जी क्रँकबरोबरच फिरते. गाडी पळताना तिचे मिनिटाला हजारो फेरे होतात. ताक घुसळल्यावर लोणी वेगळं व्हावं तशी जड घाण त्या फेऱ्यांनी बाहेर फेकली जाऊन डबीच्या भिंतीला चिकटते आणि स्वच्छ ऑइल पुढे जातं. इतकी साधी, इतकी हुशार रचना. पण ती साफ करायला उजवं कव्हर उघडावं लागतं, नवं गॅस्केट लागतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. आमच्या डबीत काळ्या मेणासारखा थर निघाला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं तो खरवडून काढावा लागला. नुसतं ऑइल बदललं असतं तर ही सगळी घाण आतच राहिली असती. इंजिनात रॉकेल किंवा डिझेल घालून खळखळून धुण्याची काही ठिकाणी पद्धत आहे, ती मला मान्य नाही. सुटलेली घाण जाळीत अडकते आणि उरलेलं रॉकेल नव्या ऑइलला पातळ करतं.

ऑइल कोणतं, तर कंपनीनं सांगितलेलं १०डब्ल्यू-३०, आणि बाटलीवर ‘जासो एमए’ लिहिलेलं. भिजलेल्या क्लचसाठी जपानी उद्योगानं १९९८ मध्ये ही कसोटी ठरवली. मोटारगाडीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती इथे घातली तर क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. “जुन्या गाडीला जाड ऑइल घाला” असा सल्ला हमखास मिळतो. त्यानं आवाज थोडा दबतो, पण सकाळच्या पहिल्या किकला जाड ऑइल कॅमपर्यंत उशिरा पोहोचतं. रिंगा गेल्या असतील तर रिंगाच बदलाव्यात. बाटलीचं सील नीट बघावं, आणि रिकामी बाटली खिळ्यानं भोसकून मगच टाकावी, म्हणजे तिच्यात कोणी भलतंसलतं भरून परत विकणार नाही.

निघालेलं काळं ऑइल सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला नेतात, कोणी वाळवीसाठी दारांच्या चौकटींना फासतात. गटारात तर ते सर्रास ओतलं जातं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि विहिरी-ओढ्यांच्या गावात ते का मोडतं हे समजायला नियम वाचायचीही गरज नाही. ज्या गॅरेजात पिंप भरून ते अधिकृत गोळा करणाऱ्याला देतात, तिथेच नेऊन द्यावं.

कव्हर बसवताना साइड पॅनेल काढलं, तर त्याच्या आतल्या बाजूला बॉलपेननं आकडे लिहिलेले दिसले. पहिल्या मालकाचं अक्षर असावं. १,००५. ३,०२०. ५,९८०. असं करत ३१,४०० पर्यंत, ओळीनं. पुढे काही नाही. मीटरवर तेव्हा ५२ हजारांच्या वर किलोमीटर झाले होते.

नवं ऑइल घालून पाचशे किलोमीटर चालवलं आणि परत सोडलं. या वेळी ते गडद तपकिरी निघालं आणि पूर्ण भरलं, नऊशे मिलीला थोडं कमी. पॅनेल पुसून ३१,४०० च्या खाली मी दोन्ही आकडे लिहिले.