विकायचं काय, खायचं काय : गेममधल्या शेतीचा मागोवा

तलवारी, जादू आणि राक्षस यांच्या गेममध्ये नवा खेळाडू पहिल्यांदा शेतात उतरतो, तेव्हा त्याची नजर भावावर जाते. कोणत्या पिकाला किती नाणी, बियाण्याला किती खर्च, किती दिवसांत कापणी, एवढं समजलं की आलेलं सगळं विकायचं आणि त्या पैशातून आणखी बियाणं घ्यायचं, हा हिशेब त्याला सरळ वाटतो. गेल्या चाळीसेक वर्षांत या गेमनी अन्नाला जी जी कामं दिली, ती ओळीनं पाहिली की हा हिशेब अपुरा आहे हे कळतं. या गेममधल्या प्रत्येक खाद्यपदार्थाला दोन किमती असतात. एक दुकानदार देतो ती आणि दुसरी, तो खाल्ल्यावर शरीराला मिळते ती. या दोन किमती क्वचितच जुळतात. नवख्यानं सुरुवातीच्या दिवसांत शेतातलं विकायचं काय आणि खायचं काय, हे या तफावतीवरूनच ठरवायला हवं.

सुरुवातीला अन्नाचा संबंध थेट मरणाशी होता. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातले दोन विद्यार्थी, मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन, यांनी 'रोग' हा गेम घडवला. त्यात शेती नव्हती, फक्त तळघरात सापडणारा शिधा होता. जखमा विश्रांतीनं भरत, त्यामुळे एका जागी बसून राहणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरला असता. भुकेनं तो मार्ग बंद केला. बसून राहाल तर उपाशी मराल, पुढचा शिधा हवा तर आणखी खोल उतरा. १९८७ मध्ये आलेल्या 'नेटहॅक'नं याच भुकेतून विचार करायला लावणारा डाव उभा केला. तिथं खेळाडू ९०० पोषण घेऊन निघतो, दर पावलाला साधारण एक खर्च होतं आणि एका फूड रेशनमधून ८०० परत मिळतं. नवख्याला वाटतं, भूक लागली की रेशन उघडावं. जाणते खेळाडू रेशनला हात लावत नाहीत. ते नुकत्याच मारलेल्या प्राण्याचं ताजं मांस खातात, कारण ते थोड्याच वेळात नासतं. लायकन (lichen) या शत्रूचा मृतदेह कधीच नासत नाही, म्हणून तो पिशवीत जपतात. पहिल्यांदा अशक्तपणा आला की देवाची प्रार्थना करतात, कारण तोवर प्रार्थना फळण्याइतका काळ लोटलेला असतो. नासणारं आधी, टिकणारं नंतर, ही घरातल्या कोठीची शिस्त इथं गेममध्ये दिसते.

शेती आली ती १९९६ मध्ये. यासुहिरो वादा यांचं बालपण क्युशू बेटावरच्या ग्रामीण भागात गेलं होतं. तोक्योत आल्यावर त्यांना त्या जगण्याचं मोल जाणवलं आणि त्यातून 'हार्वेस्ट मून' तयार झाला. इथं उपासमारीनं कुणी मरत नाही, नांगरताना आणि पाणी घालताना शरीर थकतं. हा बदल वरवर सौम्य दिसतो, पण त्यानं प्रश्नच बदलला. आता अन्न म्हणजे आजच्या दिवसात आणखी किती काम होईल याचं माप झालं. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच घराण्यातून आलेल्या 'रून फॅक्टरी'नं कुदळ आणि तलवार एकाच थकव्याला जोडल्या. शेत खणा किंवा राक्षसावर वार करा, दोन्हींना त्याच आरपीमधून (रून पॉइंट्समधून) खर्च पडतो, आणि आरपी संपले की खर्च थेट हेल्थमधून वजा होतो. त्यात एक कल्पना फार सुंदर होती. पूर्ण वाढलेल्या पिकाच्या वाफ्यात रून तयार होतात आणि ते घेतले की आरपी भरून निघतात, आणि असे लागवडीयोग्य तुकडे गुहांच्या आतही आहेत. म्हणजे लढाईची तयारी म्हणून गुहेतच पेरणी करायची, पीक उभं राहू द्यायचं आणि मग त्याच्या आधारानं मोठ्या शत्रूला भिडायचं. ते पीक बाजारात किती नाणी देतं हा प्रश्न तिथं गौण ठरतो. उभं पीक हीच खेळाडूची शिदोरी असते. माझ्या मते या प्रकारच्या गेमचा गाभा इतक्या नेमकेपणानं आधी कुणी पकडला नव्हता.

तरीही आकड्यांत हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते 'स्टारड्यू व्हॅली'त. एरिक बरोन यांनी एकट्यानं चारेक वर्षं खपून तयार केलेला हा गेम २०१६ च्या फेब्रुवारीत आला. पहिल्या दिवशी खेळाडूजवळ ५०० नाणी, २७० एनर्जी आणि महापौरानं भेट दिलेली पार्सनिपची १५ बियाणी असतात. बियाण्याचा भाव २०. सगळे पैसे घातले तर आणखी २५ येतात, एकूण ४०. कुदळीच्या एका घावाला २ एनर्जी, एका चौकोनाला पाणी घालायला २. म्हणजे पेरणीच्या दिवशी १६० एनर्जी गेली आणि उरली ११०. मूळ कुऱ्हाडीनं एक मोठं झाड पाडून खोड काढायला पंधराएक घाव, म्हणजे ३० एनर्जी. तीन झाडं तोडली की दिवस संपल्यात जमा. चार दिवसांनी पार्सनिप निघतो आणि ३५ नाण्यांना विकला जातो.

इथं एक आक्षेप येतो आणि तो कमकुवत नाही. चक्रवाढीचा नियम पाहा, असं सांगितलं जातं. सुरुवातीला सगळं विकून पुन्हा पेरणाराच लवकर श्रीमंत होतो, खाण्याचं नंतर विकत घेता येतं. पहिल्या फेरीत हे खरं आहे. ४० पार्सनिपची १४०० नाणी होतात, त्यांतून ७० बियाणी येतात, आणि रोजच्या पाण्याला १४० एनर्जी लागते. ७० पार्सनिपचे २४५० होतात, त्यांतून १२२ बियाणी, आणि रोजच्या पाण्याला २४४. कौशल्य वाढेल तसा हा खर्च थोडा घटतो, पण चित्र फारसं बदलत नाही. तिसऱ्या पेरणीलाच पैशानं शरीराला मागं टाकलेलं असतं. सकाळभर झारी फिरवली की दुपारी हातात काही उरत नाही, आणि नेमक्या याच दिवसांत खाण उघडलेली असते. तांबं, लोखंड, सोनं तिथं आहे. शेताला आपोआप पाणी देणारे स्प्रिंकलर या धातूंपासून बनतात. आठ चौकोनांना पाणी देणारा चांगला स्प्रिंकलर शेतीची सहावी पातळी गाठल्यावर बनवता येतो आणि त्याला लोखंड आणि सोनं दोन्ही लागतं. झारीतून सुटायचं तर खाणीत उतरावं लागतं, खाणीत टिकायचं तर खाणं सोबत हवं.

तेव्हा खायचं काय? एका पार्सनिपमधून २५ एनर्जी मिळते. वसंतात १५ ते १८ तारखेदरम्यान गावभरच्या झुडपांवर सॅमनबेरी लागते. तिची विक्री किंमत ५ नाणी, आणि एनर्जी? तीही २५. पोटाला दोन्ही सारखेच, बाजारात पार्सनिपला सातपट भाव. म्हणून पार्सनिप विकावा आणि बेरी खाणीसाठी ठेवावी. जंगलातल्या झाडांच्या बियांपासून, म्हणजे एकॉर्न, मेपलचं बी आणि पाइनचा कोन यांच्यापासून, फील्ड स्नॅक बनतो आणि तो ४५ एनर्जी देतो. नवखे खेळाडू बेरीच्या ढिगाऱ्याचे मिळतील तेवढे पैसे करून मोकळे होतात, आणि आठवडाभरात खाणीच्या वरच्याच मजल्यांवर थकून परततात. रोख पैशाची गरज खोटी नाही. १३ तारखेच्या एग फेस्टिव्हलला स्ट्रॉबेरीचं बियाणं १०० नाण्यांना मिळतं आणि त्यासाठी गाठीशी पैसा हवाच. पण तो महाग पिकांतून उभा करायचा, स्वस्त आणि पोटभरीच्या वस्तूंतून नव्हे.

दुसरा आक्षेप विसाव्याचा. दिवसभराच्या कामानंतर माणूस या गावात यायचा तो हिशेब विसरायला. त्याला पुन्हा एनर्जीचं गणित का द्यायचं? या म्हणण्याबद्दल मला आदर आहे, आणि गेमनंही तो राखला आहे. इथं कुणी उपाशी मरत नाही. फुलं लावून, गावकऱ्यांशी गप्पा मारून पहिलं वर्ष घालवलं तरी काही बिघडत नाही. पण ज्याला दगदग वाटते त्याची दगदग बहुतेकदा झारीतच असते, आणि तिच्यावरचा उपाय खाणीतून येतो. त्यामुळे पहिल्या हंगामातलं हे थोडं गणित पुढच्या सगळ्या विसाव्याची तरतूद करतं.

तिसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. अलीकडच्या गेममध्ये भूकच उरली नाही, अन्न म्हणजे नाव बदललेली औषधाची बाटली झाली, असं जुने खेळाडू म्हणतात. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'बद्दल हे बऱ्याच अंशी मान्य करावं लागतं. तिथं एकच हार्टी ड्युरियन शिजवला तरी सगळी हार्ट्स भरतात आणि वर ४ जादा मिळतात. खाताना गेम थांबतो, त्यामुळे ऐन लढाईत डझनभर ताटं संपवता येतात. नवख्याला यातून आधार मिळतो, पण ताट कधी वाढायचं हा निर्णय हलका होतो. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये मात्र दोन किमतींची तफावत पुन्हा ठळक होते. कोबी, लीक, बटाटा आणि टोमॅटो या चार साध्या भाज्यांचं सूप विकायला गेलं तर नगण्य पैसे मिळतात. प्यायलं तर हेल्थ आणि स्टॅमिना दोन्ही दर सेकंदाला १, सलग ७२० सेकंद वाढत राहतात. त्या गेममध्ये जोरकस वार करायला थोडासा स्टॅमिना शिल्लक असला तरी पुरतो, म्हणून बारा मिनिटं वार थांबत नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या 'व्हॅल्हाइम'नं बाटलीच्या आक्षेपाला नेमकं उत्तर दिलं. उपाशी माणूस मरत नाही, पण त्याची हेल्थ २५ वरच राहते. पोटात एका वेळी तीनच पदार्थ मावतात, तेही वेगवेगळे. त्याच वर्षीच्या 'हर्थ अँड होम' अपडेटनं हेल्थ वाढवणारे आणि स्टॅमिना वाढवणारे पदार्थ वेगळे केले. नवख्याचं काम मग एवढंच की घराबाहेर पडण्याआधी आज लढायचं आहे की पळायचं, हे ठरवून ताट वाढायचं.

या बहुतेक गेममध्ये एक उणीव राहते. पहिलं वर्ष सरलं की पैसा मुबलक होतो आणि खायचं की विकायचं हा प्रश्न विरून जातो. तो शेवटपर्यंत जिवंत ठेवला २०२० च्या 'साकुना : ऑफ राइस अँड रुइन'नं. एडेलवाइस या छोट्या जपानी चमूचा हा गेम. राक्षसांच्या बेटावर पाठवलेली देवी साकुना शत्रू मारून बलवान होत नाही. तिचं बळ वाढतं ते दरवर्षीच्या भाताच्या पिकातून. एक ऋतू तीन दिवसांचा, वर्ष बारा दिवसांचं. रोपं, लावणी, पाण्याची पातळी, तण, कापणी, वाळवण, मळणी, सडणं, सगळं हातानं करायचं आणि प्रत्येक पायरीचा दाण्याच्या गुणावर परिणाम. जपानी खेळाडूंना अडचण आली तेव्हा त्यांनी देशाच्या कृषी मंत्रालयाचं संकेतस्थळ उघडलं, आणि तिथली खऱ्या भातशेतीची माहिती उपयोगी पडली. तरवा, चिखलणी, लावणी, बेणणी, झोडणी अंगवळणी पडलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या भातशेतकऱ्याला या गेममधली कामं समजावून द्यावी लागणार नाहीत. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ दाणे वेगळे काढण्याची पद्धत तर दोन्हीकडची.

साकुनाच्या घरात रात्रीचं एकच जेवण होतं आणि दुसऱ्या दिवशीची ताकद त्यावर ठरते. शिकारीतून आणलेले मांस-मासे दिवसागणिक नासत जातात, वाळवून किंवा आंबवून ठेवलेलं टिकतं. म्हणजे 'नेटहॅक'चा तळघरातला नियम इथं स्वयंपाकघरात परत आला. नवख्यासाठी पहिल्या वर्षाचा क्रम त्यातूनच ठरतो. ताजी शिकार त्याच रात्री शिजवायची, जास्तीची वाळवायची, आणि लावणीच्या नि कापणीच्या दिवशी बेटावर भटकायला न जाता शेतातच राहायचं, कारण त्या दिवशी चुकलेलं काम पुढच्या संबंध वर्षाच्या लढाईत कमी पडतं.