आजोबांच्या गाडीचं रनिंग

जुन्या गाड्यांच्या बाजारात काही शब्द ऐकले की गिऱ्हाईक लगेच जवळ सरकतं. ‘सिंगल हँड’, ‘डॉक्टरांची गाडी’ आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे ‘रनिंग फक्त पंचवीस हजार’. पुणे, नाशिक, डोंबिवलीच्या जुन्या सोसायट्यांमध्ये या वर्णनाची एखादी तरी झेन, सँट्रो किंवा वॅगन आर कव्हराखाली उभी सापडतेच. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून घेतलेली, बँक, मंडई आणि देवळापर्यंत जाणारी, वर्षातून एकदा कुलदैवताचं दर्शन घेऊन येणारी गाडी. आजोबा जातात, किंवा डोळे साथ देईनासे होतात, आणि किल्ली नातवाच्या किंवा नातीच्या हाती येते. सोळा वर्षांची गाडी, मीटरवर पंचवीस हजार. घरात सगळ्यांचं एकमत होतं की गाडी नव्यासारखी आहे.

तशी ती नसते. गाडीचं इंजिन किलोमीटरने झिजतं. पण रबर, प्लास्टिक, ऑइल, बॅटरी आणि पत्रा यांना मीटर कळत नाही, त्यांना फक्त वर्षं कळतात. प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस बुकात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी येईल ते’ असं छापलेलं असतं. रोज धावणाऱ्या गाडीत किलोमीटर आधी येतात, म्हणून आपण महिन्यांकडे कधी बघत नाही. आजोबांच्या गाडीत मात्र दर वेळी महिनेच आधी येतात आणि नेमके तेच चुकलेले असतात.

भरपूर फिरल्याने गाडी लवकर म्हातारी होते, ही आपली समजूत किती अपुरी आहे हे अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांच्या गाडीने दाखवून दिलं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणाऱ्या या विज्ञानशिक्षकाने १९६६ साली व्होल्वो पी१८०० विकत घेतली आणि ती रोज वापरली. २०१३ मध्ये त्या गाडीने तीस लाख मैलांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला. त्यामागे काही गुपित नव्हतं. ठरल्या वेळी ऑइल बदलायचं आणि गाडी उभी ठेवायची नाही, एवढंच.

उलट उदाहरण आपल्याकडचं आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. त्यांनी ती गाडी २०१० मध्ये निधन होईपर्यंत जपली. त्यांच्या पश्चात मात्र ती घराबाहेर उघड्यावर उभी राहिली आणि काही वर्षांतच गंजून तिची रया गेली. पुढे ती मुळाबरहुकूम दुरुस्त करून कंपनीच्या मुख्यालयात ठेवण्यात आली. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध गाडीची नुसती उभी राहून ही अवस्था होऊ शकते.

कमी रनिंगमध्येही एक मोठा फरक असतो आणि तो फारसा कुणी विचारत नाही. पंचवीस हजार किलोमीटर गाडी चालली, ती कशी? पुणे-कोल्हापूर अशा लांब फेऱ्यांत, की घर ते मंडई अशा दोन-दोन किलोमीटरच्या चकरांत? एक लिटर पेट्रोल जळतं तेव्हा साधारण एक लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन पुरतं तापलं तर ती वाफ बाहेर निघून जाते. पण दोन किलोमीटरवर गाडी बंद केली, तर वाफेचं पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून गंजतो. थोडी वाफ इंजिनच्या ऑइलमध्येही उतरते. बॉनेट उघडून ऑइल ओतायचं झाकण उलटं करून पाहा. आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट थर दिसला, तर गाडी वर्षानुवर्षं अर्धवट तापून थंड होत आली आहे असं समजावं. लगेच घाबरायचं कारण नाही, कारण ऑइल बदलून लांबची एक फेरी मारली की बहुतेक वेळा तो थर जातो. गेला नाही किंवा कूलंट सारखं कमी होऊ लागलं, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्यावं लागतं.

किल्ली हातात आली की बहुतेक जण आधी सेल्फ मारतात. गाडी सहा महिन्यांहून जास्त काळ उभी असेल तर हा मोह आवरावा. आधी बॉनेट उघडून टॉर्चने वायरिंग बघावं. उंदीर-घुशींना बॉनेटखालची ऊबदार जागा फार आवडते. त्यांनी कुरतडलेल्या वायरीवर सेल्फ मारला तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. एअर फिल्टरच्या डब्यात कागदाच्या कपट्यांचं घरटं सापडणं ही गॅरेजवाल्यांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. मग ऑइलची पातळी, कूलंटची टाकी आणि गाडीखालची फरशी बघावी. फरशीवरचा डाग काळा आहे, हिरवट आहे की तांबूस, यावरून काय गळतंय याचा अंदाज येतो. बॅटरी बसलेली असणारच. चांगल्या बॅटरीत बारा पूर्णांक सहा व्होल्टच्या आसपास दाब असतो. बरेच महिने उतरलेल्या अवस्थेत पडलेली बॅटरी चार्ज केली तरी पुन्हा पुन्हा बसते, म्हणून तिच्यावर वेळ न घालवता नवी घ्यावी.

टायर ही सर्वांत फसवी गोष्ट. गाडी पंचवीस हजारच चालली आहे, त्यामुळे टायरवरची नक्षी खोल असते, आणि गाडी दाखवायला आलेला माणूस मोठ्या अभिमानाने त्यावर हात फिरवतो. पण टायरच्या कडेवर, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१० म्हणजे २०१० सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ही ओळ कधी कधी आतल्या बाजूला असते, त्यामुळे गाडीखाली वाकून बघावं लागतं. दहा वर्षं ओलांडलेला टायर, नक्षी शाबूत असली तरी, बदलायलाच हवा. त्याचं रबर कडक झालेलं असतं, कडेवर बारीक चिरा पडलेल्या असतात, आणि उन्हाळ्यात हायवेवर वेगात तो फुटू शकतो. स्टेपनीही तितकीच जुनी असते, हे लोक हमखास विसरतात.

त्याच्या खालोखाल महत्त्वाचं ते ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबेनळी किंवा वरंध घाट उतरताना वारंवार ब्रेक दाबावा लागला की ब्रेक तापतात, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी पोकळ लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. आजोबांच्या गाडीत ते शेवटचं कधी बदललं, याचं उत्तर बहुतेकदा कुणाकडेच नसतं. तेव्हा ते बदलूनच सुरुवात करावी, आणि मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर गळतात का तेही त्याच वेळी बघून घ्यावं.

रबराच्या बाकीच्या वस्तूंची यादी लांब आहे. कूलंटचे होज पाइप, फॅन बेल्ट, इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, वायपर, दारांची बीडिंग. यांतला एक पट्टा मात्र वेगळा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. मारुती ८००, जुनी झेन, सँट्रो यांच्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला की इंजिन जागच्या जागी बंद पडतं, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून मोठा खर्च निघतो. किलोमीटर झालेले नसले तरी दहा-बारा वर्षांचा बेल्ट ठेवू नये. गाडीत बेल्ट आहे की चेन, हे मेकॅनिकला विचारून घ्यावं. मारुतीच्या के सीरिज इंजिनांत चेन असते.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि या मिश्रणाला चालतील अशा गाड्या बनवणं एप्रिल २०२३ पासून सुरू झालं. त्याआधीच्या गाडीचे पाइप आणि गॅस्केट वेगळ्या पेट्रोलसाठी बनवलेले आहेत. काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग बदलावे लागू शकतात, असं खुद्द पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं. शिवाय इथेनॉल ओल खेचतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी साचण्याची शक्यता वाढते. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकावं, फ्युएल फिल्टर बदलावा आणि पेट्रोलचे रबरी पाइप एकदा नवे घालावेत. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

पहिल्याच महिन्यात हा सगळा खर्च अंगावर आला की घरातले म्हणतात, फुकटात मिळालेली गाडी महागात पडली. तसं वाटणं साहजिक आहे. पण हा खर्च एकदाच होतो. एवढं केलं की हातात असं इंजिन राहतं ज्याच्या रिंगा आणि बेअरिंग जेमतेम वापरलेल्या आहेत, आणि तसं इंजिन जुन्या बाजारात पैसे मोजूनही सहज मिळत नाही. सुट्या भागांचं मात्र आधी बघून घ्यावं. मारुती आणि ह्युंदाईचे भाग गल्लोगल्ली मिळतात. देवू मॅटिझ, ओपल कोर्सा यांसारख्या, देश सोडून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्यांसाठी पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला दुकानं धुंडाळावी लागतात.

त्यानंतरची देखभाल सोपी आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास चालवावी, म्हणजे इंजिन पूर्ण तापेल आणि ब्रेकवरचा गंज पुसला जाईल. पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने बॅटरी भरत नाही, उलट ऑइलमध्ये ओल वाढते. एसी थंडीतही दहा मिनिटं लावावा, नाहीतर त्याची सील सुकतात आणि गॅस निघून जातो. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नये, कारण ब्रेकचे शू ड्रमला चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवून चाकामागे वीट लावावी. मुंबई आणि कोकणात खारी हवा पत्र्याला खाते, तिथे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गाडी खालून धुऊन तपासून घ्यावी. ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच, दोन हजार किलोमीटर झाले असले तरी.

आजोबांच्या पिढीची एक सवय इथे फार कामाला येते. डॅशबोर्डच्या कप्प्यात बिलं आणि एखादी छोटी वही सापडते. किती तारखेला किती लिटर पेट्रोल भरलं, मीटर किती होतं, हवा कधी भरली, बॅटरी कुठून आणली. ती वही घेऊन गॅरेजमध्ये गेलं तर मेकॅनिकचं अर्धं काम होतं. पेट्रोलच्या दोन नोंदींमधलं अंतर पाहिलं की शेवटची काही वर्षं गाडी किती चालत होती, हेही नेमकं कळतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१९ पूर्वी आपल्याकडे नव्या गाड्यांना एअरबॅगची सक्ती नव्हती, त्यामुळे या पिढीतल्या बहुतेक गाड्यांच्या साध्या मॉडेलमध्ये एअरबॅगही नसते आणि एबीएसही नसतं. शहरातल्या शहरात, मध्यम वेगाने, सीटबेल्ट लावून ही गाडी वापरावी. लहान मुलांना घेऊन द्रुतगती मार्गावर रोज ये-जा करायला ती योग्य नाही, इंजिन कितीही गुळगुळीत चालत असलं तरी.

आणि कागदपत्रं. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांचं निधन झाल्यास तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. विम्यावरचं नावही याच मुदतीत बदलावं. अपघात झाला आणि पॉलिसी गेलेल्या माणसाच्या नावावर निघाली, तर दावा अडकतो. दिल्लीतल्यासारखी पंधरा वर्षांची बंदी महाराष्ट्रात नाही. पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलं, आणि वीस वर्षांपुढच्या कारसाठी २०२५ मध्ये ते दहा हजार करण्यात आलं. पर्यावरण कर वेगळा.

खालचा पत्रा आणि चासी गंजाने पोखरलेली असेल, तर दुरुस्तीत पैसे न घालता गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी; तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. पत्रा धडधाकट असेल तर गाडी जरूर ठेवावी आणि चालवावी. यांपैकी काहीही ठरवलं, विकायचं ठरवलं तरीही, आधी आरसी बुक वारसाच्या नावावर करून घ्या. आजोबांच्याच नावावर राहिलेली गाडी कायदेशीरपणे विकता येत नाही.