संपलेल्या बॅटरीत काय उरते?

विजेवरील मोटारीची बॅटरी ‘संपली’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय संपलेले असते? धातू तर नव्हेत. बॅटरी वापरताना लिथियमचे आयन दोन इलेक्ट्रोडांमध्ये ये-जा करतात. कालांतराने काही लिथियम ग्रॅफाइटवर साचणाऱ्या थरात अडकते, धन इलेक्ट्रोडच्या कणांना तडे जातात आणि धारकता घटते. निकेल, कोबाल्ट, मँगनीज मात्र जवळजवळ सगळे आतच असतात.

ते परत कसे मिळवायचे? प्रथम उरलेली वीज काढून टाकतात, नाहीतर आगीचा धोका असतो. मग निष्क्रिय वायूत बॅटरीचे तुकडे करतात. तांबे, ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक वेगळे केले की काळी भुकटी उरते. ती सल्फ्युरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात. आम्लता बदलत, विशिष्ट द्रावकांनी एकेक धातू वेगळा काढतात. शेवटी गरम द्रावणात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, घातला की लिथियम कार्बोनेटचा अवक्षेप मिळतो. हा क्षार गरम पाण्यात कमी विरघळतो, त्याचा येथे फायदा होतो.

अडचण आहे ती खर्चाची. कोबाल्ट महाग असल्याने तो काढणे परवडते. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्टही नसतो आणि निकेलही. त्यामुळे खर्च भरून निघेलच असे नाही. केवळ बाजारावर विसंबून चालणार नाही, ते यामुळेच. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

शिक्षकांना आमची एक विनंती : मोबाइलची बॅटरीही याच जातीची असते. ती वर्गात उघडू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.