विश्लेषण : आंघोळ करताना गॅस गिझर मध्येच का विझतो?

अंगाला साबण लागलेला असतो आणि शॉवरमधून अचानक गार पाणी येऊ लागते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांच्याकडे गॅस गिझर आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. गॅस संपला का, म्हणून आधी सिलिंडर हलवून पाहिला जातो. पण अनेकदा दोष गॅसचा नसतो, पाण्याच्या दाबाचा असतो आणि तो घरच्या घरी शोधता येतो. एका बिघाडात मात्र पाणी कडकडीत गरम येत असते आणि तरीही गिझर लगेच बंद करावा लागतो.

गिझर पेटतो कसा?

या गिझरला टाकी नसते. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, गॅसची झडप उघडते आणि सेलवर ठिणगी पडते. बर्नरवरच्या नळीतून जाता जाता पाणी तापते. प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की पडदा मागे येतो आणि ज्योत विझते. ही सोय मुद्दाम केलेली असते, कारण पाण्याशिवाय ज्योत सुरू राहिली तर नळीच जळेल.

म्हणून आधी कान द्या. नळ सोडल्यावर ‘टिक टिक’ आवाजच येत नसेल, तर सेल बदला. तरीही शांतता असेल तर पाण्याचा दाब कमी आहे. आवाज येतो पण ज्योत नाही, तेव्हाच गॅसकडे वळा.

वरच्या मजल्यावर त्रास जास्त का?

टाकी गच्चीवर असते आणि पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो भरपूर असतो. शेवटच्या मजल्यावर टाकी शॉवरपासून ४ मीटर वर असेल, तर जेमतेम ०.४ बार. त्यात स्वयंपाकघरातला नळ कोणी सोडला की गिझर विझलाच. कमी दाबावर चालणारे मॉडेल किंवा प्रेशर पंप हा उपाय आहे, पण त्याआधी गिझरच्या पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी आणि शॉवरची छिद्रे साफ करून पाहा. पाणीपुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाला की येणारा गाळ याच जाळीत अडकतो. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी असेल तर क्षारही साचतात.

आणखी एक सवय नडते. पाणी फार गरम वाटले की आपण थंड पाण्याचा नळ जास्त सोडतो. त्यामुळे गरम बाजूचा प्रवाह घटतो, गिझर बंद पडतो आणि दोन्हीकडून थंडच पाणी येते. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी आधीच तापलेली असल्याने हे जास्त घडते. अशा वेळी गिझरवरचे गॅसचे बटण कमी करावे. काही मॉडेल साधारण २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. तो बिघाड नव्हे.

टाकीविरहित विजेच्या गिझरचे गणित वेगळे. ३ किलोवॅटचा गिझर मिनिटाला ३ लिटर पाणी जेमतेम १४ अंशांनी तापवतो. नळ थोडा बंद करणे हाच त्यावरचा इलाज.

सिलिंडरवरून पाइप गॅसवर आल्यावर?

महानगर गॅसची जोडणी घेतल्यावर जुना गिझर तसाच लावला, तर ज्योत अशक्त राहते. दोन्ही इंधनांसाठी जेटची छिद्रे वेगवेगळी लागतात. हे काम अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. छिद्र मोठे करून देणारा मेकॅनिक स्वस्त पडत नाही.

पाणी गरम, तरी धोका कधी?

ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसत असेल किंवा गिझरच्या तोंडाशी काजळी धरली असेल, तर गॅस अर्धवट जळतो आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, या वायूला वासच नाही. मार्च २०२३ मध्ये, होळीच्या दिवसांत, घाटकोपरमध्ये एक दाम्पत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले, तेव्हा गॅस गिझरमुळे गुदमरल्याचा संशय व्यक्त झाला होता.

गिझर बाथरूममध्ये नकोच. आपल्याकडे तो ड्राय बाल्कनीत लावतात, ते ठीक. पण पावसाचे पाणी येते म्हणून त्याच बाल्कनीला नंतर सरकत्या काचा लागतात आणि ती बंद खोली होते. गिझर सुरू असताना काच उघडीच हवी.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही सुरुवातीची लक्षणे. कोणी बाथरूममध्ये कोसळले, तर दार-खिडक्या उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ वर फोन करा. रुग्णालयात गॅस गिझर सुरू होता हे आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर या विषबाधेतही ऑक्सिजन नेहमीसारखाच दाखवू शकते.